मानेचा खरा बाक

एक्स-रे काढणं म्हणजे बटण दाबणं, असं ज्याला वाटतं त्याला मी एकदा आमच्या खोलीत उभं करणार आहे आणि सांगणार आहे, दाब बाबा, होऊन जाऊ दे. सत्तावीस वर्षं मी पनवेलमध्ये हेच काम करतेय. एस. टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचं सेंटर आहे. आधी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवून वाळत घालायचो, आता सगळं स्क्रीनवर येतं. पण माणूस नीट उभा केला नाही तर तेव्हाही फोटो चुकायचा आणि आजही चुकतो. मशीन कितीही महागाचं आणा, ते समोर असेल तेच दाखवणार.

त्यातही मान म्हणजे डोक्याला ताप. सात मणके, त्यातला शेवटचा खांद्याआड दडून बसतो. भरदार खांद्यांचा माणूस आला की त्याच्या दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या द्यायच्या, खांदे खाली ओढायचे, श्वास सोडून रोखायला लावायचं आणि तेवढ्यात फोटो घ्यायचा. सातवा मणका दिसला नाही तर मी फोटो बाहेर जाऊच देत नाही. आमच्याकडची नवी मुलं मागून मला 'सातवीच्या बाई' म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणू देत.

आणि माना तरी किती! नवीन पनवेलमधली लॅपटॉपवाली पोरं, दिवसभर रिक्षा चालवणारे, उरणच्या रस्त्यावरच्या गावांतली, तरुणपणी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली म्हातारी माणसं, सगळी माझ्यासमोर येतात. येतानाच निदान घेऊन येतात, मणक्यात गॅप आलाय म्हणून. चाळिशी उलटलेल्या कुणाचीही मान काढा, झीज दिसणारच. केस पिकतात तसंच आहे ते. कुणाच्या फोटोत हाडाला हे एवढे काटे वाढलेले असतात आणि तो मजेत लेझीम खेळतो. कुणाचा फोटो स्वच्छ आणि माणूस कळवळतोय. म्हणून नुसत्या फोटोवर कुणी निकाल देत नाही. साधा एक्स-रे हाडं दाखवतो. मधल्या गाद्या, नसा, मुख्य म्हणजे मज्जारज्जू बघायचा तर एमआरआय. पण एमआरआय काढतात आडवं झोपवून, आणि डोकं तर आपण उभ्यानं पेलतो. उभेपणी मानेला कसा बाक आहे, हे बघायला डॉक्टरला साधा एक्स-रेच लागतो. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं या बाकावरून घडलं.

मागच्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर उरणकडच्या एका गावातून एक बाई आल्या. साठी ओलांडलेली, काटक, नऊवारी नेसलेली, केसांचा घट्ट अंबाडा. हातातून वस्तू पडतात, चालताना तोल जातो, बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार. सोबत जावई होता. जमिनीचे व्यवहार करणारा, गळ्यात करंगळीएवढी जाड चेन, एक फोन कानाला, दुसरा हातात. त्या दिवशी आमच्याकडे जत्रा लोटली होती. बाईंना गाऊन दिला, आत घेतलं. जावई म्हणाला, "मी इथंच उभा ऱ्हातो, त्यांना काय समजत नाय." नातेवाइकांनी बाहेर थांबायचं हा नियम आहे. पण त्याच्याशी हुज्जत घालायला मला वेळ नव्हता. मी त्याला माझ्या शेजारी, शिशाच्या काचेमागे उभं राहू दिलं. समोरून एक, बाजूनं एक, दोन फोटो घेतले. सातवा मणका दिसत होता. मी खूश. पुढचा पेशंट.

रिपोर्टमध्ये आमच्या रेडिओलॉजिस्टांनी झीज लिहिली, काटे लिहिले आणि लिहिलं की मानेचा नैसर्गिक बाक गेलाय, मान पुढच्या बाजूला उलटी वाकली आहे. चारच दिवसांनी एमआरआय झाला. त्यात तीन ठिकाणी मज्जारज्जू दाबला गेलेला दिसला. म्हणजे दुखणं नुसतं वयाचं नव्हतं. असं ठेवलं तर हात आणखी दुबळे होणार, पाय लटपटणार, आणि एकदा गेलेली ताकद परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. ऑपरेशन करायचं ठरलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासाठी ती बाई दिवसाच्या साठ पेशंटांपैकी एक होती, खोटं कशाला बोलू.

पंधराएक दिवसांनी दुपारी बाहेर आरडाओरडा ऐकू आला. मी बाहेर येऊन बघते तर तेच जावईबुवा सासूवर खेकसत होते. ऑपरेशनच्या आधी सर्जननी मानेचे नवे फोटो मागवले होते, सरळ उभं राहून, मान पुढे वाकवून, मागे वाकवून. आणि बाई बाकड्यावर पाय रोवून बसल्या होत्या. ऑपरेशन नको, फोटो नको, काहीच नको.

"हात चाललं पायजे का गानी पायजेत?" जावई म्हणत होता. "गान्यावाचून कुनाचा काय अडलाय?"

माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, "आवाज खाली. हा दवाखाना आहे, मासळीबाजार नाही." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा सातबारा फाडलाय. मी बाईंच्या शेजारी बसले आणि आमच्या बोलीत विचारलं. माझं माहेरही त्याच बाजूचं. सेंटरमध्ये मी शुद्ध बोलते, पण घरचं माणूस दिसलं की जीभ आपोआप वळते. "काय झाला मावशी? मना सांगा."

तेव्हा कळलं की ती बाई धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण लागते. मांडवाच्या दिवशी पाटाभोवती तांदळाचा चौक ती मांडते, देवांना बोलावते, नवऱ्या मुलीच्या सात पिढ्यांना गाण्यात ओवते. कुणी कधी बसायचं, कधी वाकायचं, तिच्या शब्दावर चालतं. चाळीस वर्षं ही बाई पंचक्रोशीतली लग्नं लावत आली होती. गेल्या मोसमात चौक काढताना बोटांतून तांदूळ भलतीकडेच सांडले आणि रेघ वाकडी गेली, तेव्हा पहिल्यांदा तिला भीती वाटली. वैशाखात तिच्या नातीचं लग्न होतं, याच जावयाच्या मुलीचं.

"डाक्टर बोलला, पुढनं गला कापनार," ती म्हणाली. "आवाज बसंल बोलला. मी इचारला त्याला, म्हनून खरा बोलला. बसला तर कदी येतो, कदी नाय. हात गेला तर दुसरी कोनतरी चौक काढंल गो बाय. गला गेला तर मी कोन?"

सर्जन चांगला माणूस आहे, मी ओळखते त्यांना. त्यांनी तिला सगळं समजावलं होतं. मज्जारज्जू मोकळा करायला पुढून जाता येतं किंवा मागून. मागून गेलं तर गळ्याला धक्काच नाही. पण मानेचा बाक शाबूत असला तरच मागून जाण्यात अर्थ. मान पुढे उलटी वाकलेली असेल तर मागचं दार उघडून उपयोग नाही, मज्जारज्जू पुढच्या हाडांवरच ताणून बसतो. तिच्या फोटोत मान उलटी वाकलेली होती. म्हणून पुढून, तेही तीन ठिकाणी. आवाज बसायची भीती त्यात थोडी असतेच.

माझ्या बोलीमुळे बाईंनी फक्त फोटोला होकार दिला, ऑपरेशनला नाहीच. मी त्यांना आत घेऊन गेले. त्या माझ्यापुढे चालत होत्या. पाय जरा फाकवून, भिंतीला हात लावत, पण मान बघा! डोक्यावर पाटी असल्यासारखी ताठ. मला कुठंतरी खटकलं. गाऊन घालायला त्यांना पडद्याआड पाठवलं आणि मी स्क्रीनवर जुना फोटो उघडला. हनुवटी छातीकडे गेलेली, मान पुढे मुडपलेली. कोपऱ्यात उजव्या-डाव्या बाजूची खूण होती आणि तिला चिकटपट्टीचा बारीक तुकडा. ती खूण माझी. चिकटपट्टी मीच लावते. हा फोटो मी काढला होता.

आता चालत आलेली मान आणि ही मान एकाच बाईची कशी? मला काही उमगेना. त्यांना बाजूनं उभं केलं, खांदा प्लेटला टेकवला, हातांत पिशव्या दिल्या. "समोर बगा मावशी, लांब बगा." छान उभ्या राहिल्या. मी काचेमागे आले. तेवढ्यात दार लोटून जावई आत आला आणि मागच्याप्रमाणेच माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती मान खाली गेली. हळूहळू, हनुवटी पार गळ्याला लागेपर्यंत.

अगं बाई! आमच्या खोलीत बाजूच्या फोटोसाठी माणूस उभा केला की त्याचं तोंड बरोबर काचेकडे येतं. आणि काचेत कोण? जावई. आमच्याकडची जुनी बाई जावयापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, नजर वर करत नाही. इथं तर मी तिची नऊवारी सोडवून बिनपदराचा गाऊन चढवलेला, डोकं उघडं, पोटऱ्या उघड्या. ती माऊली लाजेनं मेली होती. मागच्या वेळीही अशीच उभी असणार. आणि सत्तावीस वर्षांच्या अनुभवाची मी, त्याच मातीतली, माझ्या आईनं आयुष्यभर माझ्या नवऱ्यापुढे पदर सावरलेला पाहिलेला, मी मणके मोजत बसले आणि बाई बघितलीच नाही. नियम मोडून त्याला काचेमागे उभं मीच केलं होतं. सर्जन तिची लाज मोजून ऑपरेशन ठरवत होते.

"तुमी भाएर बसा," मी जावयाला म्हटलं.

"मागच्या टायमाला चालला ना?"

"मागच्या टायमाला मी चुकले. आता चुकनार नाय. भाएर."

"ओ म्याडम, मी कोन हाय म्हाईत हाय काय?"

"म्हाईत हाय. तुमी जावई हाव. म्हनूनच सांगतंय, भाएर." आणि दाराकडे बोट दाखवलं. माझा आवाज त्या दिवशी पार वेटिंग रूमपर्यंत गेला, असं नंतर मुलांनी सांगितलं. तो पाय आपटत गेला. मी आतून कडी घातली.

मग मी बाईंकडे गेले. त्यांचं सुती लुगडं खुंटीवर होतं, त्याचा जरीचा काठ टाळून पदर त्यांच्या डोक्यावरून घेतला, खांद्याभोवती गुंडाळला. साध्या सुती कापडाचा फोटोत पत्ता लागत नाही. कानातलं, मंगळसूत्र आधीच काढलेलं होतं. "जावई गेला," मी म्हटलं. "आता हितं तुमी आनि मी. मांडवात उभं ऱ्हाता तशा ऱ्हावा." त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि हनुवटी उचलली. मला काही शिकवावं लागलं नाही. ती मान चाळीस वर्षं उभी राहायला शिकलेली होती.

फोटो घेतला. स्क्रीनवर सातही मणके आले, आणि त्यांचा बाक मागच्या बाजूला, विळ्याच्या पात्यासारखा बारीक पण स्पष्ट. काटे होते, झीज होती, सगळं होतं. पण बाक होता! मी पुढे वाकवून आणि मागे वाकवून दोन्ही फोटो घेतले, मान दोन्हीकडे व्यवस्थित जात होती. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पेशंटला निकाल सांगायचा आम्हाला अधिकार नाही. बाईंनी विचारलं, "काय दिसला गो बाय?" आणि मी चेहरा दगडासारखा करून म्हणाले, "डॉक्टर सांगतील मावशी." इतकी अवघड गोष्ट मी त्या खोलीत कधी केली नव्हती.

त्यांना बसवून मी तडक आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांकडे गेले. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण सर म्हणजे सर. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि सांगितलं, "सर, आधीचा फोटो चुकीचा आहे. मी काढलेला आहे. पेशंट नीट उभी नव्हती, चूक माझी." बोलताना कान तापले होते. एवढी वर्षं ज्या मुलांना सातव्या मणक्यावरून झापलं, ती मुलं दारात उभी राहून ऐकत होती. ऐकू देत म्हटलं. सरांनी रेघा मारून कोन मोजले, परत मोजले. मग एवढंच विचारलं, "उभी असताना तिची रोजची मान अशीच असते, याची खात्री आहे?" मी म्हटलं, "सर, ती चालत येताना मी बघितलंय. पाहिजे तर तुम्ही बाहेर येऊन बघा." ते उठले, खरोखर बाहेर आले. बाई लुगडं नेसून पाणी पीत उभ्या होत्या. सरांनी लांबूनच बघितलं, आत जाऊन सर्जनना फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाले, "आमचा पहिला फोटो धरू नका. पोझिशन चुकली होती. आमच्या सीनियर टेक्निशियननी पकडलं." चूक कुणाची हे त्यांनी सांगितलं नाही. मीच दुसऱ्या दिवशी सर्जनना फोन करून सांगितलं, नाहीतर मला घास गेला नसता.

सर्जननी बाईंना पुन्हा बोलावलं, पुन्हा तपासलं, एमआरआय आणि नवे फोटो मांडून बसले आणि मागून जायचं ठरवलं. बाईंनी त्याच दिवशी होकार दिला. ऑपरेशन नीट झालं. हात लगेच सुधारले नाहीत. दोन महिने त्या भाताचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा व्यायाम करत बसायच्या, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. ती पत्रिका द्यायला आली होती. पत्रिकेवर वर माझं नाव हळदीकुंकू लावून लिहिलेलं. मी नवऱ्याला म्हटलं, सुट्टी टाका, आपल्याला जायचंय.

वैशाखातलं ऊन, मांडवाची सकाळ. पोचलो तेव्हा चौक मांडून झाला होता. मी आधी तोच बघितला. एका कोपऱ्यात रेघ किंचित हलली होती, बाकी चारी बाजू सरळ. मी बायकांमध्ये मागे जाऊन बसले. जणू माझ्याच पोरीचं लग्न. बाई पाटाजवळ आल्या. हिरवं लुगडं, मानेमागचा टाक्यांचा व्रण पदराखाली झाकलेला. आणि त्यांनी सूर लावला. आवाज जाडसर, म्हातारा, मधेच खरखरणारा, पण मांडवाच्या टोकापर्यंत पोचणारा. देव झाले, गावदेवी झाली, आजे-पणजे झाले.

मग त्यांनी नवरीच्या बापाला हाक मारली. धवलारीण म्हणून मारली, सासू म्हणून नाही. मान वर, नजर थेट त्याच्या डोळ्यांत. "या, पाटावर बसा. आता वाका." आणि तो माझ्यावर ओरडलेला, जाड चेनवाला माणूस निमूट पाटावर बसला आणि वाकला. त्याचे डोळे भरले होते, त्यानं ते पुसलेही नाहीत.

मग वऱ्हाडाला ओवताना त्यांनी एक ओळ घातली जी जुनी नव्हती. "पनवेलची बाय माजी, तिनं राखला गला." मला आधी कळलंच नाही. बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा कळलं. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, लाज कसली त्यात. जावयानं पाटावरूनच मागे वळून मला शोधलं आणि हात जोडले. मीही जोडले, पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती पुढची ओळ घेत होती, हनुवटी उचललेली, गळ्याची शीर न शीर ताणलेली. सगळ्या मांडवात कुणाला दिसलं नसेल ते मला दिसत होतं. त्या गळ्यावर पुढून एक ओरखडासुद्धा नव्हता.